तीन दिवस बारा

ऑगी ग्रेगोरिचने आयुष्यात कुठलीच गोष्ट घाईने संपवली नाही. खाणीत अडतीस वर्षं काढली, घराचा मागचा सोपा बांधायला अकरा, आणि अल्बिनाशी लग्न करायला सहा. तळघरातल्या बियरच्या बाबतीत तर तो देवालाही ताटकळत ठेवणारा. पिंप फसफसायचं थांबलं की गावातले बाकीचे लोक बाटल्या भरायला घेत. ऑगी त्यांना हसायचा. "बुडबुडे थांबले म्हणजे झालं? थंडीनेही थांबतात ते!"

त्याचा विश्वास एका काचेच्या नळीवर. बियरमध्ये साखर असेल तोवर नळी वर तरंगते. खमीर साखर खाईल तशी ती खाली उतरते. तिच्यावरचा आकडा बाराला येऊन टेकला, आणि ओळीने तीन दिवस तिथेच राहिला, तरच बाटल्या. आधी भरल्या तर उरलेली साखर बंद बाटलीतच फसफसत राहते आणि काच फुटते.

अल्बिनाला हे पाठ होतं, कारण लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिने चव घेऊन "झाली" म्हटलं होतं. ऑगीने तेव्हा बायकोच्या जिभेवर विसंबून बाटल्या भरल्या. पाच फुटल्या. त्यानंतर दर नाताळला, दर बारशाला, पोतिसा, म्हणजे अक्रोडाचा गोड पाव, कापता कापता तो ती गोष्ट सांगायचा, आणि ती नळी तिच्या हाती त्याने पुन्हा कधी दिली नाही. लोक हसायचे. अल्बिनाही हसायची. सत्तेचाळीस वर्षं.

आता ऑगीच्या फुप्फुसात खाणीची धूळ दगडासारखी बसली होती. पुढच्या खोलीत पलंग टाकला होता. तळघराच्या तेरा पायऱ्या त्याच्यासाठी दुसरा देश झाल्या होत्या. शरदात त्याने तिच्याकडून शेवटचं पिंप लावून घेतलं. पडल्या पडल्या हुकूम सोडत.

"नळी गोल फिरवलीस का? बुडबुडे चिकटतात तिला."

"फिरवली."

"डोळा बियरच्या पातळीला धरलास?"

"गुडघ्यावर बसले होते, ऑगी. एकाहत्तर वर्षांची बाई गुडघ्यावर बसली होती तुझ्या बियरपुढे."

"आकडा?"

"वीस."

"थांब मग."

शेजारचा लेनर्ड माकी रोज डोकावायचा. "काय बाई, अजून पास झाली नाहीस?" असं विचारायचा आणि ऑगीला हसता हसता ढास लागायची.

गुरुवारी नर्सने अल्बिनाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "तीन आठवडे. कदाचित तेही नाहीत."

बाटलीत बियर मुरायला दोन आठवडे लागतात. अल्बिनाने हिशेब केला नाही. तो आपोआप झाला. सोमवारी नळीने अठरा दाखवले. ती वर आली आणि म्हणाली, "बारा."

"एकदम?"

"भट्टीच्या उबेला सरकवलं होतं ना पिंप."

मंगळवारी सतरा. "बारा." बुधवारी सोळा. तिने थेंबभर जिभेवर घेतली. गोड होती. तिच्या जिभेला चांगलं कळत होतं. ती पायऱ्या चढली, प्रत्येक पायरीवर थांबत, आणि दारातूनच म्हणाली, "बारा."

ऑगीने डोळे मिटले. "भर. शिकलीस बरं का तू." आणि लेनर्ड आला तेव्हा त्याला सांगितलं, "हिला येतं आता. माझ्याइतकं येतं."

हे वाक्य ऐकायला तिने अख्खा जन्म काढला होता. भांडी घासताना तिने ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. त्याला काहीच चव नव्हती.

बाटल्या भरल्याच्या आठव्या दिवशी ऑगीचा श्वास फार वर गेला. "एक उघड," तो म्हणाला. "कच्ची असली तरी चालेल." त्याने कधीच न उच्चारलेले शब्द. तिने बाटली आणली. झाकण उचकटताच फेस छतापर्यंत उडाला, गोधडीवर, त्याच्या दाढीवर, ऑक्सिजनच्या नळीवर. बाटलीच्या तळाशी चार बोटं बियर उरली.

ती फडक्याने त्याचा चेहरा पुसू लागली. त्याने तिचं मनगट धरलं. जोर असा नव्हताच.

"आकडा किती होता?"

"सोळा."

"तिन्ही दिवस खोटं?"

"नर्स म्हणाली होती, तीन आठवडे. तुला प्यायला मिळावी म्हणून..."

"म्हणून?"

तेवढ्यासाठीच नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"सोळा म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मी थांबलो असतो."

"तू नसतास थांबला, ऑगी. तुला थांबता आलंच नसतं."

त्याने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. उरलेली चार बोटं तिने पेल्यात ओतून त्याच्या उशाशी ठेवली. त्याने हात लावला नाही; त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि तिसऱ्या दिवशी नर्सने तो पेला उचलून नेला तेव्हा पलंग रिकामा होता.

बाटल्या तळघरात तशाच ठेवणं धोक्याचं होतं. ऑगीला माती देऊन आल्यावर अल्बिनाने काळे कपडे न बदलताच खाणीतले जाड हातमोजे चढवले आणि ती खाली गेली. एकेक झाकण ती सावकाश सैल करत राहिली. तिला घाई नव्हती.