गोजरबाईच्या नाडीचे चाळीस ठोके

धसईच्या अंगाला, ओहोळाच्या काठी गोजरबाईचा भाजीचा मळा होता. नवरा गेला तेव्हा मुलगा राघो पाच वर्षांचा होता. त्याच वर्षी तिने पाटी डोक्यावर घेतली. भातकापणी उरकली की थेट चैत्रापर्यंत, आठवड्यातले सहा दिवस ती मुरबाडच्या बाजाराला जायची. वाट पाच कोसांची. मेथी नि माठ उन्हाने मान टाकायच्या आत पोचायला हवेत म्हणून गोजरबाई चालत नसे, दुडक्या चालीने धावतच असे. सोबतची धोंडूबाई निम्म्या वाटेवर ओरडायची, "गोजर, थांब गो! माझा जीव जातोय!" गोजर थांबायची खरी, पण तिला स्वतःला धाप लागलेली कुणी पाहिली नव्हती. अशी वीस वर्षं सरली. राघोचं लग्न होऊन काशी सून म्हणून घरात आली, तरी पाटी सासूच्याच डोक्यावर राहिली.

१९३८ सालच्या मार्गशीर्षात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय टेकवेना, म्हणून बाजार आटोपल्यावर ती डॉक्टर टिपणिसांकडे गेली. त्यांनी मुरबाडात नुकताच दवाखाना घातला होता. वय तिशीच्या आतलं. काटा काढून पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी सहज तिची नाडी धरली, आणि घड्याळाकडे बघताबघता त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा मोजली. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले.

"चक्कर येते का, बाई?"

"नाय."

"छातीत दुखतं?"

"नाय बा. दुखतोय तो पाय."

"मिनिटाला सत्तर ठोके पडायला हवेत. तुमचे चाळीस पडतात. आणि काळीज वाढलंय, जागा सोडून डावीकडे आलंय. ते थकलंय, बाई. आजपासून पाटी बंद. चालणंसुद्धा बेताचंच."

त्या दिवशी ती कुणाच्या तरी बैलगाडीतून घरी आली. ज्या वाटेवर वीस वर्षं पाय चालवले त्या वाटेवर गाडीत बसून येताना तिला इतकी लाज वाटली की पदर तोंडावरून खाली घेतला नाही.

काशीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाटी स्वतः उचलली. मूल अंगावर पिणारं होतं, त्याला सासूपाशी ठेवून ती जायची. पोचेपर्यंत ऊन चढायचं, भाजी सुकायची. परत आली की पाय सुजलेले. "काशी, नको गो जाऊस," सासू म्हणायची. काशी म्हणायची, "आत्या, तुमी निजून रहा. मना तुमी हव्या."

गोजरबाई निजून राहिली. ओटीवर पडल्यापडल्या हात छातीवर ठेवायची आणि ठोका पडला की पुढच्याची वाट बघायची. मधलं अंतर तिला फार मोठं वाटायचं. दोन महिने गेले तसं विहिरीवरून हंडा आणताना खरंच दम लागायला लागला. तिने ओळखलं, आता आपलं भरलं. एक दिवस तिने हातातले चांदीचे गोठ काढून काशीच्या हातात घातले. काशी रडली, पण काढून द्यायचं धाडस तिला झालं नाही.

फाल्गुनात, दुपार व्हायच्या आधी, ओटीसमोर डॉक्टर टिपणीस उभे राहिले. सदरा घामाने चिंब, तोंड लाल, एक हात खांबाला. वाटेत सायकलचं चाक फुटलं, तिथून तीन कोस ते चालत आले होते.

"पाणी," एवढंच ते बोलले.

पाणी पिऊन त्यांनी आधी स्वतःचीच नाडी धरली. "एकशे छत्तीस," म्हणाले आणि हसले. मग गोजरबाईला म्हणाले, "हंडा घ्या नि विहिरीवरून भरून आणा. नेहमीच्या चालीने."

"डाक्तरसाहेब, तुमीच तर..."

"मीच म्हणालो होतो. आणा."

काशीला राहवेना, ती मागोमाग गेली. भरला हंडा उतरवल्याबरोबर डॉक्टरांनी नाडी धरली. अठ्ठ्याण्णव. थोडं बसवून पुन्हा मोजली, पंचावन्न. पायांवर बोट दाबून सूज बघितली, रात्री उशाशिवाय झोप लागते का विचारलं, नळी लावून ऐकलं. तोवर धोंडूबाईसकट अर्धा पाडा अंगणात जमला होता.

डॉक्टर सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

मग त्यांनी खिशातून एक पत्र काढलं.

"तुम्हाला पाठवून दिलं, पण मनातून जाईना. मुंबईला माझ्या गुरुजींना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. शर्यतीत पळणाऱ्यांचं, वर्षानुवर्षं ओझी वाहणाऱ्यांचं काळीज असंच होतं म्हणे. वाढतं, बळकट होतं, एका ठोक्यात पुष्कळ रक्त ढकलतं, म्हणून त्याला सावकाश चाललं तरी पुरतं. बसलेल्या माणसाचं काळीज ऐकून निकाल देऊ नकोस, त्याला चालवून बघ, असं त्यांनी लिहिलंय. मी चालवून बघितलंच नव्हतं. आज बघितलं, पायांना सूज नाही, नि हंडा आणून बसताच ठोके लगेच खाली आले."

"मग ही धाप?" काशीने विचारलं.

"ती मी बसवून ठेवल्याची. धावतं काळीज रिकामं बसलं की पुन्हा आपल्यासारखं होतं." मग ते गोजरबाईकडे वळले. "पण सगळंच मला ठाऊक आहे असं नाही. वीस-तीस वर्षं असं ओढलं तर म्हातारपणी काय होतं, हे गुरुजींनाही नक्की सांगता येत नाही. म्हणून अर्ध्या पाटीने सुरू करा. अंगात ताप असला तर धावायचं नाही. चक्कर आली, छातीत धडधड झाली तर तिथेच बसायचं आणि मला कळवायचं."

त्यांना भाकरी नि वालाची भाजी वाढली. संध्याकाळी राघोने त्यांना गाडीने मुरबाडला पोचवलं. ते गेल्यावर गोजरबाई ओटीवर बसून रडायला लागली. धोंडूबाई घाबरली. "आता काय झालं गो?"

"साहेब माणूस, उन्हातून चालत आला नि चुकलो म्हनाला. नाय आला असता तर कोन इचारनार होतं त्याला? मी इथेच पडून सुकली असती." मग डोळे पुसत म्हणाली, "राघोच्या बापाने जल्मात कधी चुकलो म्हटलं नाय." अंगणभर हशा पिकला. काशीने गोठ आणून सासूच्या हातात घातले, ते तिने घालून घेतले.

होळीनंतर ती अर्धी पाटी घेऊन निघाली. पुढच्या हंगामापासून सासूसुनांनी दिवस वाटून घेतले, कारण काशीचेही पाय आता तयार झाले होते. बाजार आटोपला की गोजरबाई दवाखान्याच्या बाकावर बसायची. डॉक्टर नाडी मोजून आकडा सांगायचे, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, आणि बसलेले रोगी आपापली मनगटं पुढे करायचे.

१९४६च्या थंडीत कधीकधी ठोके चुकायला लागले. सुकलेल्या शेंगेतले दाणे खुळखुळावेत तसं छातीत व्हायचं. ती सांगितल्याप्रमाणे बसली आणि कळवलं. डॉक्टरांनी मुरबाडची वाट सोडायला सांगितली. या वेळी त्यांनी तिला चालवून, थांबवून, तीनदा बघून मगच सांगितलं. तिने वाद घातला नाही. धसईच्या आठवडेबाजारापुरती ती काशीबरोबर सावकाश जात राहिली, आणि छातीत खुळखुळलं तर बांधावर टेकून ते निवेपर्यंत काशीशी गप्पा मारत बसायची.