डॉर्कसबाईंचं उलटं गाव

लिटल हॅस्लोमध्ये माझी ओळख म्हणजे माझे पाय. माणूस चेहऱ्यावरून ओळखला जातो, असं मी शेफील्डला राहत होतो तोपर्यंत समजत होतो. लग्न करून बायकोच्या गावी राहायला आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात डॉर्कस व्हील्डन नावाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिलाच नाही. थेट खाली पाहिलं.

"पाय बरे रुंद आहेत," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "बाकीचं तू बघून घेतलं असशीलच."

त्याच दुपारी मी त्यांच्या गोठ्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून ओली माती तुडवत होतो. आता माझे केस गेले, मुलं शिकून शहरात गेली, तरी गावाच्या लेखी मी नवाच आहे आणि माझं नाव 'शेफील्ड' आहे. ते शहर इथून बसने तासाभरावर आहे, पण डॉर्कसबाई ते नाव असं काही उच्चारतात, की मी समुद्रापलीकडून गलबतातून आलो असं वाटावं.

ही माती कशासाठी, तर झऱ्यासाठी. आम्ही त्याला विहीर म्हणतो, पण डोंगरातलं पाणी एका दगडी नळीतून जमिनीलगतच्या उथळ कुंडात पडतं, एवढाच प्रकार आहे. कुठल्याशा दुष्काळात आसपासच्या गावांचं पाणी आटलं आणि आमचं आटलं नाही, म्हणून दर उन्हाळ्यात गाव झऱ्याला सजवतं. दोन दारं जोडावीत एवढ्या फळीवर माती थापायची, तिच्यावर चित्र उतरवायचं, ते पाकळ्या, शेवाळ आणि लोकर यांनी भरायचं आणि फळी कुंडामागे उभी करायची. पाद्रीबाई येऊन आशीर्वाद देतात, शेजारच्या गावचा बँड वाजतो. आठवड्याभरात माती तडकते, पाकळ्या काळ्या पडतात आणि सगळं खतात जातं. बाहेरचे लोक विचारतात, मग एवढा खटाटोप कशाला? गावातला कोणी हे विचारत नाही, कारण विचारलं तर त्यालाही माती तुडवायला लावतात.

चित्र डॉर्कसबाईच काढतात. त्यांना मेंढी फार सुरेख जमते. अडचण एवढीच, की दुसरं काहीही काढलं तरी त्यातून मेंढीच डोकावते. एका वर्षी बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला दानिएल होता. सिंह त्याच्याकडे गवत मागत असल्यासारखे बघत होते. गावात कोणी हसलं नाही. आमच्याकडे ज्याला चित्र येतं त्याला चित्र येतं, आणि बाकीच्यांनी पाकळ्या निवडायच्या.

मला मात्र पाकळ्याही कधी मिळाल्या नाहीत. पाकळ्या खालून वर लावायच्या असतात, कौलांसारख्या एकावर एक, म्हणजे पावसाचं पाणी वरच्या वर निघून जातं. एकदा मी हळूच एक ओळ वरून खाली लावून पाहिली. डॉर्कसबाईंनी ती चिमट्याने उपटली, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाय," आणि मी मातीत परत गेलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान सिरिल गेले. सिरिल म्हणजे मोजकं बोलणारा, गाई पाळणारा, उंच माणूस. सजावटीत त्यांचं काम एकच: चित्राचा कागद ओल्या मातीवर ठेवताना एक कोपरा धरायचा आणि "थांबा" म्हणायचं. वर्षानुवर्षं ते तेवढंच म्हणत आले. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी काम हवं म्हणून देतात.

वसंतात गावच्या सभागृहात समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष नायजेल ब्रॉकलहर्स्ट, विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरासमोरची हिरवळ इतकी सरळ कापलेली असते, की तिच्यावरून चालताना आपण वाकडे आहोत असं वाटतं. ते म्हणाले, "आपण छापील फलक करून घेऊ. पावसात धुता येतो, कपाटात ठेवता येतो, पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो."

"आणि माझ्या मेंढ्या?" डॉर्कसबाईंनी विचारलं.

"छापू की. हव्या तेवढ्या."

"छापलेली मेंढी कोणाला हवीय, नायजेल? तिला वासच नाही."

"बाई, माणसं कुठे आहेत? गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी किती हात होते? त्यातले निम्मे संधिवाताचे."

हे खरं होतं. शाळा बंद पडली, टपाल बंद पडलं, बस येते तीही मनात आलं तर. अखेर ठरलं असं, की या वर्षी नेहमीसारखं करून बघायचं. फळी वेळेवर आणि धड उभी राहिली तर परंपरा चालू. नाही राहिली तर पुढच्या उन्हाळ्यापासून छापील फलक. डॉर्कसबाई उठल्या, काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "या वर्षी आख्खं गाव काढते. बघू छापता येतं का."

आणि त्यांनी खरंच आख्खं गाव काढलं. झऱ्यापाशी उभं राहिलं की गाव जसं दिसतं तसं: मधून जाणारा रस्ता, डावीकडे चर्च आणि उन्हाची घरं, उजवीकडे चॅपल आणि सावलीची घरं. ही डावी-उजवी साधी गोष्ट नाही. चर्चचे आणि चॅपलचे, म्हणजे दोन वेगळ्या पंथांचे, लोक एकेकाळी एकमेकांच्या बाजूने चालतसुद्धा नसत, आणि आजही उन्हाच्या बाजूची माणसं सावलीच्या बाजूच्या लोकांशी थोड्या सहानुभूतीने बोलतात. बंद पडलेली शाळा होती, दगडाची खाण होती, 'काळा मेंढा' हा आमचा पब होता. अक्षर मात्र एकही नाही. डॉर्कसबाई चित्रात कधीच अक्षरं घालत नाहीत. "ज्यांना आपलं घर ओळखता येत नाही, त्यांनी वाचून काय उपयोग," असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी मला बोलावलं. "शेफील्ड, सिरिलचा कोपरा तू धर."

पायांचा माणूस हातांचा झाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तिने आपल्या आईला फोन केला. मी नखं कापली.

गोठ्यात फळी आडवी ठेवलेली, तिच्यावर मी स्वतः तुडवलेली माती लोण्यासारखी थापलेली. चार कोपऱ्यांना चार जण: डॉर्कसबाई, मी, नायजेल, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी हेस्टर लोमस. कागद मोठा आणि पातळ. शाई मागच्या बाजूलाही फुटलेली, त्यामुळे दोन्हीकडून सारखाच दिसणारा. आम्ही तो उचलला आणि गोठ्याच्या दारातून वारा आत शिरला. कागद फुगला, उलटला, हेस्टरच्या डोक्यावर बसला, आम्ही धडपडत गोल फिरलो आणि जो कोपरा हाताला लागला तो धरला.

"ठेवा, ठेवा, फाटेल," नायजेल म्हणाले.

आम्ही ठेवला. "थांबा" कोणीच म्हणालं नाही.

डॉर्कसबाईंनी दातेरी चाक फिरवून कागदातून मातीत रेषा टोचल्या, कागद सोलून काढला आणि आम्ही कामाला लागलो. फळी आडवी असते, सगळे चारही बाजूंनी वाकून काम करतात, कोणाला गाव डोक्यावर दिसतं, कोणाला आडवं. प्रत्येकजण आपापली वीतभर जागा भरतो. ओढ्याकाठच्या झाडांची काळी बोंडं रेषांवर, हायड्रेंजियाच्या पाकळ्या आभाळात, शेवाळ डोंगरावर. हेस्टरने स्वतःच्या घराच्या खिडक्या इतक्या प्रेमाने लावल्या, की पडदेसुद्धा कळत होते. संधिवाताचे हात, मांसाच्या पेस्ट्रीने तुपकट झालेले हात, सगळे राबले आणि शुक्रवारी दुपारी, चहाच्या वेळेआधी, चित्र पुरं झालं. इतकं लवकर कधीच झालं नव्हतं. नायजेलही म्हणाले, "बरं झालंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे तोफांची सलामी.

शनिवारी सकाळी आम्ही फळी ट्रॅक्टरवरून झऱ्यापाशी नेली आणि दोरांनी उभी केली. दोन पावलं मागे सरून सगळ्यांनी वर पाहिलं.

चित्र सुंदर होतं. फक्त कुठेतरी काहीतरी खुपत होतं, दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं.

शेवटी हेस्टर म्हणाली, "मी सावलीत का आहे?"

चर्च उजवीकडे होतं. चॅपल डावीकडे. उन्हात जन्मलेली घराणी सावलीत गेली होती आणि सावलीतले लोक उन्हात आले होते. 'काळा मेंढा' रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता.

"मी जन्मभर उन्हात कपडे वाळत घातलेत," हेस्टर म्हणाली. "आईनेसुद्धा तिथेच घातले."

"कागद उलटा पडला," डॉर्कसबाई शांतपणे म्हणाल्या. "बघायला हवं होतं मी."

"चौघांनी धरला होता," मी म्हणालो.

"तू गप. तुला काय कळणार कुठलं घर कुठे, तू नवा." माझ्यावर दया करण्याची त्यांची ही पद्धत आहे.

नायजेलनी घसा साफ केला. ते वाईट माणूस नाहीत, पण घसा साफ केल्यावर ते अध्यक्ष होतात. "ठरलं होतं धड उभी राहिली तर. आता पाद्रीबाई येतील, बँड येईल, शेजारचं गाव येईल. ते काय म्हणतील, यांना स्वतःचं गाव माहीत नाही? छापील फलकात असं होत नाही, एवढंच म्हणतो."

पाकळ्या पुन्हा लावायला तीन दिवस लागतात आणि आशीर्वाद दुपारी होता. डॉर्कसबाई कुंडाशेजारच्या दगडी कठड्यावर जाऊन बसल्या, डबा उघडला, सँडविच काढलं आणि खाल्लं नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत न खाल्लेलं सँडविच हातात धरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला कोणाच्याही डोळ्यांना डोळा द्यायचा नव्हता. मी झऱ्याकडे पाठ केली आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझं पोट आता असं आहे, की नाडी बांधायची तर पाय फाकून, डोकं पार खाली न्यावं लागतं. तर तसा वाकलेला असताना पायांमधून मला मागचं कुंड दिसलं आणि पाण्यात फळीचं प्रतिबिंब. पाणी हलत होतं, पण चर्च दिसलं. डावीकडे.

मी उठून मान वळवली. फळीवर चर्च उजवीकडे. परत वाकलो. डावीकडे.

"डॉर्कसबाई," मी खालूनच म्हणालो, "गाव सरळ आहे."

"याला ऊन लागलंय," हेस्टर म्हणाली.

"पाठ करून वाका आणि पायांमधून पाण्यात बघा. तुमचं घर उन्हात आहे."

हेस्टर धार्मिक बाई आहे, पण घराचा प्रश्न होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, स्कर्ट सावरला आणि वाकली. "पाणी हलतंय. काही कळत नाही."

नळीतून पडणाऱ्या धारेने कुंडभर लाटा उठत होत्या. डॉर्कसबाईंनी सँडविच डब्यात ठेवलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणजे खाली.

"शेफील्ड. बूट काढ."

मी बूट-मोजे काढले, कठड्यावर बसलो आणि उजवी टाच दगडी नळीच्या तोंडात बसवली. ती अशी बसली, की जणू नळी माझ्याच मापाने कोरली असावी. पाणी थांबलं. डोंगराच्या पोटातला सगळा गारठा माझ्या पायातून वर चढला आणि कुंड आरशासारखं झालं.

"अगं बाई," हेस्टर वाकलेलीच म्हणाली. "माझे पडदे."

मग सगळं गाव वाकलं. कोणी गुडघे धरून, कोणी एकमेकांना धरून, कोणी विव्हळत. सावलीवाले सावलीत पोचले, उन्हातले उन्हात. पबचा मालक म्हणाला, आपला मेंढा जागेवर आहे. नेमक्या तेव्हाच रस्त्याने पाद्रीबाई बँडसह आल्या. त्यांना दिसलं, की लिटल हॅस्लोचे सगळे रहिवासी कमरेत वाकून, डोकी जमिनीला टेकवण्याच्या बेतात, एक शब्द न बोलता उभे आहेत. या गावात एवढी नम्रता त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या इतक्या हेलावल्या, की बँडला हातानेच थांबवलं आणि लगेच प्रार्थना सुरू केली.

नायजेल सगळ्यांत शेवटी वाकले. विम्यातला माणूस, आधी धोका तपासला. प्रार्थना संपली, सगळे हळूहळू सरळ झाले, नायजेल झाले नाहीत.

"पाठ," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "अडकली."

डॉर्कसबाई काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या. "काय दिसतंय, नायजेल?"

"माझं घर."

"जागेवर?"

"जागेवर. हिरवळसुद्धा सरळ आहे." त्यांनी डोळे बारीक केले. "माझ्या दारात मेंढी का उभी आहे?"

"तो तू आहेस. पुढच्या वर्षी काय करायचं?"

"पाकळ्या," नायजेल म्हणाले. "आता कोणीतरी मला उभं करा."

दोघांनी त्यांना उभं केलं, बँड वाजू लागला, लोक पबकडे वळले आणि जाता जाता शेजारच्या गावच्यांना वाकायला शिकवू लागले. मी टाच लावून बसूनच होतो. काढू का, विचारलं, तर प्रत्येकजण म्हणे, थांब, अजून यांचं बघायचं राहिलंय. पायाची बोटं मला केव्हाच सोडून गेली होती.

गर्दी पांगल्यावर डॉर्कसबाई माझ्याशेजारी बसल्या. त्यांच्या खुब्यात धातूचा सांधा आहे, त्यांना वाकता येत नाही. साऱ्या गावात फक्त आम्हा दोघांनाच सरळ गाव नीट पाहता आलं नव्हतं.

"सांगू कसं दिसतं ते?" मी विचारलं.

"मला माहीत आहे कसं दिसतं. मीच काढलंय." त्यांनी फळीकडे पाहिलं. त्यांचं घर चॅपलच्या बाजूला, सावलीचं. चित्रात ते पलीकडे गेलं होतं. "सिरिल जन्मभर कुरकुरत राहिला, टोमॅटो पिकत नाहीत म्हणून. आता बघ, उन्हात आहेत." त्यांनी सँडविच काढून अर्धं मला दिलं.

मी ते खाल्लं आणि धीर करून विचारलं, पुढच्या वर्षी कागदाचा कोपरा मीच धरू का.

"कोपरा पबवाला धरेल," डॉर्कसबाई म्हणाल्या. "तू 'थांबा' म्हण. मातीत उभा राहूनच म्हण."