भिंतीकडे तोंड

माझा दादा जन्मापासून काडीपैलवान. कितीही खाल्लं तरी अंगी म्हणून लागलं नाही. तेव्हा वजन कसं उतरवावं हे जगाला शिकवायचा हक्क त्याच्याकडे आपसूकच आला. घराच्या पुढच्या खोलीत त्याने क्लास काढला. एक वजनकाटा, एक उभा आरसा, भिंतीवर फोटोंचा फलक, आणि दादाचं तोंड. बाकी सामान लागतच नव्हतं. सगळी गल्ली त्याला 'सर' म्हणायची, आणि त्यालाही ते मनापासून पटायचं.

क्लासचा नियम सोपा होता. दर आठवड्याला सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं. वजन उतरलं तर टाळ्या. वाढलं तर क्लास सुटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. सख्खी बहीण म्हणून मला सवलत मिळेल असं वाटलं होतं, पण कसचं काय! त्या भिंतीचा रंग कुठे कुठे उडालाय ते मला आज तोंडपाठ आहे.

वहिनी पोस्टात काउंटरवर बसायची. चांगली भरलेली, हसरी बाई. सरांच्या घरात राहायचं म्हणजे चोरून खाणं आलंच. तिने लोण्याची डबी न्हाणीघराच्या फळीवर, साबणाच्या रिकाम्या डब्यात लपवली होती. हे गुपित तिचं आणि माझं.

गेल्या वर्षी वहिनी अचानक बारीक व्हायला लागली. मग काय विचारता! दादाला आभाळ ठेंगणं झालं. फलकावर वहिनीचे दोन फोटो लागले, एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर', शिवाय तारखा. बायका म्हणाल्या, "सर, घरातच चमत्कार केलात की!" सरांनी नम्रपणे मान डोलावली. चमत्कार काय, ते रोजच करायचे.

"वन्सं, मी काहीच केलं नाही हो," वहिनी मला हळूच म्हणाली. "लोणी तर रोज खाते."

"मग नशीब काढलंस बाई," मी म्हटलं. आम्ही घरातली सगळीच माणसं अशी हुशार.

एक दिवस ती काउंटरवरच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" दादाने तत्परतेने मोबाईलमधला फलकाचा फोटो उघडून दाखवला. डॉक्टरबाईंनी तो मोठा करून पाहिला, मग वहिनीकडे पाहिलं, आणि तपासण्या लिहून दिल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, केमोचे डोस सुरू झाले. घाबरलेल्या माणसाने गप्प बसावं, पण दादा गप्प बसला तर तो दादा कसला! त्याने कुठेतरी वाचलं की कॅन्सर चरबीवर पोसतो. झालं! "उरलासुरला असेल त्याला उपाशी मारू," म्हणाला, आणि वहिनीच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या. डबीतलं लोणी खायची तिला वासनाच उरली नव्हती. वजन आणखी घसरलं. आता मात्र टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

डॉक्टरबाई भडकल्या. "कॅन्सर असा उपाशी मरत नाही हो! अंगावरची चरबी म्हणजे अडीअडचणीची साठवण. एरवी शरीर गरजेपुरती काढतं. या आजारात काढायचा हुकूम थांबतच नाही. वितळलेल्या चरबीतली काही कॅन्सरच्या पेशीच वापरतात, आणि मागोमाग स्नायूही झिजतात. उपाशी तुमची बायको राहतेय."

"पण जाड माणसांना कॅन्सर होतो म्हणतात ना?" दादाने क्षीण आवाजात विचारलं.

"फार चरबी असली तर काही कॅन्सरचा धोका वाढतो, खरंय. क्लास त्यासाठी चालवा, हिच्यावर चालवू नका. आणखी वजन उतरलं तर मला पुढचा डोस लांबवावा लागेल."

घरी आल्यावर दादा चपला न काढता थेट न्हाणीघरात गेला, साबणाचा डबा घेऊन आला, आणि पावाच्या तुकड्याला बोटभर लोणी फासलं. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनीने विचारलं.

"आंधळा नाही मी," तो म्हणाला. "खाऊन खूश दिसायचीस. म्हणून बोललो नाही. आता घे, एक घास घे माझ्यासाठी."

मग या घराने काय काय पाहिलं! सर सुपात साय घालतायत, सर दाणे कुटतायत, सर अर्ध्या अंड्यासाठी बायकोच्या हातापाया पडतायत. वहिनी दोन घास खायची, एक उलटून पडायचा. दादा नव्याने ताट वाढायचा.

डोसच्या आदल्या दिवशी क्लास होता. वहिनी डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर काट्यावर चढली. दादा खिडकीतून बाहेर बघत बसला. त्याला बघवेना. मीच वाकून पाहिलं.

"वाढलंय," मी म्हटलं. "थोडंच, पण वाढलंय रे दादा!"

वाढलेल्या वजनाला टाळ्या वाजवायच्या की नाही, ते बायकांना कुठे माहीत होतं? वहिनी सावकाश खाली उतरली आणि भिंतीकडे चालू लागली.

"अगं, तू कशाला..." दादा उठला.

"नियम म्हणजे नियम, सर."

दादाने टाळी वाजवायला हात उचलले. एक वाजली, दुसरी वाजेना. दोन्ही हातांत तोंड झाकून तो काट्याशेजारी खाली बसला आणि सगळ्या क्लाससमोर लहान पोरासारखा रडला.

माझंही वजन त्या आठवड्यात वाढलेलंच होतं, त्यामुळे मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले. वहिनी जवळ आली, कोपराने मला ढोसलं, म्हणाली, "वन्सं, सरका जरा."

मी सरकले.