पाच दसरू

"उभे राहा रे, सगळे दसरू," मुख्याध्यापक म्हणाले.

आम्ही पाच जण उभे राहिलो. आश्रमशाळेतला पहिला आठवडा.

ते मूल गावाकडचे, मोठ्या घरचे. "काऊन रे, तुमच्या जंगलात नावाचा दुष्काळ पडला का? बकऱ्याईच्या कानाले तरी खुना असते."

मग माझ्याकडे वळले. "तू कवा जन्मला?"

उन्हाळ्याच्या तोंडी, मोहफुलं पडत होती तेव्हा, मी सांगितलं.

"मंग दसरू कसा? दसऱ्याले जन्मते तो दसरू. तुह्या बापाले येवढंही समजत नाई?"

वर्ग हसला. दुपारपर्यंत मी कान धरून उभा. मग त्यांनी आमची पाचही नावं खोडली आणि आपल्या भाच्या-पुतण्यांची नावं आम्हाला वाटली. जुने कपडे वाटावेत तशी. मला मिळालेलं नाव पुढे नोकरीत चढलं, पेन्शनच्या कागदावर चढलं. ते मी इथे लिहिणार नाही.

दसरू कसा, याचं उत्तर मला माहीत होतं. पण मला गोंडी यायची, मराठी तेवढी येत नव्हती. आमच्यात मूल आईच्या छातीशी धरतात आणि घरातली म्हातारी मेलेल्यांची नावं एकेक घेते. ज्या नावावर मूल दूध ओढू लागतं, तो माणूस परत आला. दसऱ्यात जन्मला होता तो माझा पणजा. त्याच्या नावावर मी ओढलं. गावोगाव दोन-तीन दसरू असतात ते म्हणून. नावं कमी पडली म्हणून नाही. माणसं सोडवत नाहीत म्हणून.

पुढे मी त्याच शाळेत, त्यांच्याच हाताखाली गुरुजी झालो. आणि तेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. पोरांची नावं दाखल करताना दसरू, चैतू, मंगरू ऐकलं की पेन थांबायचं आणि मी शोभेलसं नाव घालायचो. बापाला विचारत नसे. बाप अंगठा द्यायचा. मी स्वतःला सांगायचो, पोरांना कुणी हसू नये म्हणून करतो. खोटं. मला त्या मुख्याध्यापकासारखं दिसायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं.

"गुरुजी, गावातल्या कागदावर मी दसरू, शाळेच्या दाखल्यावर राजेश. साहेब म्हंते, हे दोन मानसं आहेत. पोरीची जात पडताळणी अडकली. हे नाव मले कोनं देल्लं?"

"मी."

 दिलेलं पाणी तो प्यायला नाही.

नोंद माझ्या हाताची, खाली सही मुख्याध्यापकांची. मी मूल गावी त्यांच्या घरी गेलो. ते आता खूप म्हातारे, पण आवाज तोच. मला त्यांनी दिलेल्या नावानंच हाक मारली. मी सगळं सांगितलं, प्रतिज्ञापत्रावर सही मागितली.

"तुले मानसात आनलं म्या. आता मलेच कागद दाखवून राह्यला?" ते म्हणाले. "नोंद तुह्या हातची आहे. पेन्शन जाईन तुही. चहा पी अन् घरी जा."

त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो. खुर्ची ओढली आणि बसलो.

"मी दसरू," म्हणालो. "सही नका करू. माझी पुरते. पण आमची नावं तुम्ही खोडली, ते मी लपवणार नाही."

चहा तसाच ठेवून निघालो.

आता प्रतिज्ञापत्र लिहितो आहे. पहिला गुन्हा माझा, मग त्यांचा. मी बदललेली चोवीस नावं आठवली आहेत. घरोघरी जाऊन प्रत्येकाचं खरं नाव लिहून घेतो आहे. एका आईनं दार लावून घेतलं. तिचं बरोबर आहे. पेन्शन गेली तर जाऊ दे.

परवा मुख्याध्यापकांच्या मुलाचा निरोप आला: बाबांचं वय झालं, त्यांचं नाव तेवढं गाळा.

गाळलं नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं लिहिलं. पडताळणीच्या साहेबांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. मुख्याध्यापक जिवंत आहेत तोवरच; मेलेल्याचं नाव आमच्यात त्याला परत बोलवायला घेतात.