आधी दोन्ही पाय बघू दे

तेलाची बाटली ती सगळ्यात शेवटी उघडायची. आधी बेसिनवर हात धुवायची, पदराला पुसायची, मग माझ्या पायांशी मांडी घालून बसायची आणि दोन्ही पायांवर एकेक हात ठेवून काही क्षण तशीच राहायची. डोळे मात्र माझ्या तोंडाकडे. "आधी दोन्ही पाय बघू दे," म्हणायची. "मंग तेल."

पहिला आठवडाभर मला वाटत होतं, ही तिची काहीतरी पूजा असावी. हसूही यायचं. पाय बघून झाले की प्रश्न सुरू व्हायचे. डोकं दुखलं का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, अंगावरून काही गेलं का, बाळ सकाळपासून फिरलं का. शाळेत हजेरी घ्यावी तसे रोज तेच प्रश्न, त्याच क्रमाने. एखाद्या दिवशी मी घाईत "सगळं ठीक आहे मावशी" म्हटलं तर ती पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी मावशी येत असेल. आमची कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायची. साठीच्या आसपासची, बुटकी, घट्ट बांध्याची, नऊवारी साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. आमच्या बिल्डिंगमधल्या निदान सहा-सात बायकांची बाळंतपणं तिच्या हाताखालून गेली होती. बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या पुष्कळ असतात, पण दिवस असताना हात लावणारी हीच, असं मला वरच्या मजल्यावरच्या एकीने सांगितलं होतं.

मला तेव्हा सहावा सरून सातवा लागला होता. ऑफिस ठाण्यात, खोपटला. दिवसभर खुर्चीत बसून कंबर अशी धरायची की घरी आल्यावर वाकून चपलाही काढता येत नसत. मी मावशीला बोलावलं, तर पहिल्या दिवशी तिने कामच केलं नाही. डॉक्टरबाईंना विचारलंस का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग विचार आणि मना सांग," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. डॉक्टरबाईंनी होकार दिला. हलक्या हाताने, पोट सोडून, कुशीवर झोपून, आणि काही वेगळं वाटलं तर लगेच थांबायचं, असं त्या म्हणाल्या. मी ते मावशीला सांगितलं, तेव्हा तिने फक्त मान हलवली. हे सगळं तिला आधीपासूनच ठाऊक होतं.

ती मला डाव्या कुशीवर झोपवायची, पोटाखाली एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक. कोमट खोबरेल तेल, खांद्यापासून कंबरेपर्यंत, पुढे तळपाय. जोर असा कधी नाहीच. माझ्या सासूबाईंना ते पटत नसे. मावशी नुसती गोंजारते, असं त्या म्हणायच्या. पण मला त्या तासाभरात अशी झोप लागायची की ती कधी निघून गेली ते कळायचं नाही. दार ओढून घेऊन जायची. महिनाभरात मी चपला स्वतः काढायला लागले.

एकदा मी तिला म्हटलं, पोटालाही जरा तेल लावा ना, कातडी ओढल्यासारखी वाटते. तिने माझ्याच तळहातावर चार थेंब ओतले. "पोटाला हात तुजा. माजा नाय."

आठव्या महिन्यातल्या एका शनिवारी ती आली, हात धुतले, बसली आणि पायांवर हात ठेवले. मग हात उलटे करून पुन्हा ठेवले. डावा पाय, उजवा, परत डावा. दोन दिवसांपासून डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखत होतं आणि तो पाय जास्त सुजला होता. पण या महिन्यात पाय सुजतातच, म्हणून मी काही बोलले नव्हते. चालताना दुखतं का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने बाटलीचं झाकण न उघडताच ती पिशवीत ठेवली.

"या पायाला मी हात नाय लावनार," ती म्हणाली. "कोनाला लावू पन देऊ नको. आजच डॉक्टरकडं जा."

सासूबाई दारात उभ्या होत्या. आमच्या वेळी अशाच सुजेला पोटऱ्या चोळून घ्यायचे आणि सकाळपर्यंत उतरायची, असं त्यांनी ऐकवलं. मावशीने वाद घातला नाही. मी का म्हणून विचारलं, तर ते तिला नीट सांगता येईना. एक पाय गरम आणि एक गार असणं चांगलं नाही, एवढंच ती म्हणाली. वाड्यात एकदा असा पाय चोळताना तिने बघितला होता. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला दुखत होतं आणि दिवसभर मी तिच्या त्या तासाची वाट बघत होते. मी म्हणाले, "हात लावायचाच नव्हता तर आलात कशाला?"

ती पिशवी उचलून निघाली. दारातून वळून परत एकदा म्हणाली, आजच जा.

मी त्या दिवशी गेले नाही. मी काय केलं, तर बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मालिशवाल्या मावशींना ठेवताना विचार करा, ऐन आठव्या महिन्यात काम सोडून निघून जातात आणि वर घाबरवतात. पाच मिनिटांत उत्तरं आली. एकीने लिहिलं, बरं झालं सांगितलंस, मी पुढच्या महिन्यापासून ठेवणार होते. दुसरीने स्वतःकडे येणाऱ्या मालिशवाल्या बाईचा नंबर टाकला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

रविवारी सासूबाई दोनदा तेलाची वाटी घेऊन बसल्या. इतकं दुखत होतं की मी हात लावू दिला नाही. त्यात शहाणपणा काही नव्हता. सोमवारी पाय टेकवेना, तेव्हा गेलो. डॉक्टरबाईंनी पाय बघितला आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी शांतपणे, एकेक शब्द सावकाश उच्चारून सांगितलं. मग विचारलं, पाय चोळला नाहीत ना कोणी?

"नाही," मी म्हणाले. "मीच नको म्हटलं."

त्या म्हणाल्या, हुशार आहात. बाजूच्या खुर्चीत सासूबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

पुढे रोज पोटात इंजेक्शन, मग बाळंतपण, मग पुन्हा इंजेक्शनं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ग्रुपवरचा तो मेसेज एव्हाना वाढदिवसांच्या आणि पाणी येणार नसल्याच्या मेसेजांखाली कुठेतरी गेला होता. परत काढून काय लिहायचं, असं मी स्वतःला सांगत राहिले. मावशीला फोनही केला नाही.

घरी आल्यावर आठवड्याभराने तीच आली. आत ग्रुपवरून मिळालेली नवी बाई मुलीला तेल लावत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मी दार अर्धंच उघडलं होतं. मावशी उंबऱ्याबाहेर उभी होती.

"पाय उतरला का?"

"हो, उतरला," मी म्हणाले.

आता बघा, एका वाक्यात सांगता आलं असतं. तुम्ही हात लावला नाहीत म्हणून मी आहे, एवढंच. ती तेवढ्यासाठीच आली होती असं नाही, पण सांगता आलं असतं. मी नुसती दाराला धरून उभी राहिले. ती म्हणाली, चांगलं झालं, बाळाला जप. आणि जिना उतरून गेली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मुलीने मला विचारलं, सातवा लागलाय, मालिश करून घेतलं तर चालतं का गं? मी तिला सगळं सांगितलं. आधी डॉक्टरांना विचार. पाठ आणि पाय, हलक्या हाताने, कुशीवर झोपून. पोटाला दुसऱ्या कोणाचा हात नको. अंगावरून गेलं, डोकं फार दुखलं, एकच पाय सुजला, तर मालिश राहू दे आणि दवाखान्यात जा. बरं वाटतं, झोप लागते, पण हे सांभाळून. ती म्हणाली, "किती माहिती आहे गं तुला." मी थँक्यू म्हणाले.

त्या शनिवारी मी कोळीवाड्यात गेले. फोन लागत नव्हता, आणि फोनमध्ये ती नुसती 'मालिश' म्हणून होती. गल्लीच्या तोंडाशी सुकट पसरत बसलेल्या एका बाईने विचारलं, नाव काय तिचं? मला सांगता आलं नाही. दोन महिने ती माझ्या पायांशी बसत होती. मी वर्णन केलं, बुटकी, नऊवारी, दिवस असलेल्या बायकांचं करायची. बाई म्हणाली, ती माझी नणंद. आता विठ्ठलवाडीला लेकीकडे असते. ते काम सोडून तीन-चार वर्षं झाली.

का सोडलं, मी विचारलं.

कुठल्याशा बिल्डिंगमधल्या बाईने मोबाइलवर तिच्याबद्दल लिहिलं, मग एकेक घर सुटलं, असं ती सांगत होती. हात सुकटीवर फिरतच होते. "मना तिचा राग येतो, काय बोलू. हिला सगला म्हाईत होता, तरी त्याच बाईच्या दारात गेली ही, पाय बरा हाय का बघाला."

मी तिच्या त्या नणंदेचं, मावशीचं, नाव विचारून घेतलं. तिने सांगितलं आणि मग विचारलं, "तुमी कोन?"

"ओळखीची," मी म्हणाले. आणि विठ्ठलवाडीचा पत्ता न घेताच परत फिरले.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. मावशींचं नाव लिहिलं, गुठळीचं लिहिलं, तेव्हाचा मेसेज माझा होता आणि चुकीचा होता हे लिहिलं. ग्रुपवर आता निम्म्या बायका नवीन आहेत. दोघींनी हात जोडले. जुन्या एकीने विचारलं, कोण गं या? आणि तिसऱ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या एकीने लिहिलं, यांचा नंबर मिळेल का प्लीज, माझ्या बहिणीला सातवा चालू आहे.

नंबर माझ्याकडे नाही. तो मागायचा तर सुकट पसरणाऱ्या त्या बाईसमोर पुन्हा उभं राहावं लागेल, आणि मी कोण ते आधी सांगावं लागेल.