कुसुमताईंची खुर्ची

माझा मित्र मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या राजधानीतल्या एका उद्घाटनात बसलो होतो. मंचावर माणसांपेक्षा हार जास्त होते. मी उठलो, तर शेजारच्या गृहस्थांना वाटलं, भाषणाला कंटाळलो. तेही खोटं नव्हतं...

शोकसभेत एका वक्त्यानं मधुकरच्या 'विपुल ग्रंथसंपदे'चा गौरव केला. मधुकरनं जन्मात एकच कादंबरी लिहायला घेतली आणि ती अपुरी राहिली. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, गावभर पाट्या बदलू लागल्या, त्या सुमारास तो रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि लिहायला बसला. नायिका कुसुमताई. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला न्यायला आलेला. कथानक सरळ होतं : शेवटच्या प्रकरणात त्या मुलाबरोबर जातात.

पात्र घडवायची त्याची रीत अशी, की ते आधी घरात राहायला यायचं, मग कागदावर. गोल बाजारात तो कुसुमताईंसाठी भात शिजवायला पितळेचा गंज निवडायचा आणि 'एवढा जड त्यांना उचलवायचा नाही' म्हणून न घेताच परतायचा. अंगणात त्यांच्या नावानं वेताची एक खुर्ची होती. मी एकदा तिच्यावर टेकणार, तोच सुमनवहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, तिथं नोका बसू. आमची सवत बसली हाये."

शेवटचं प्रकरण मात्र सरकेना. "तू रेल्वेतला माणूस," मी म्हटलं, "तिकीट काढ अन् बसवून दे गाडीत."

"बसवली ना बे. गाडी सुटाच्या आधीच उतरली."

मी कथानकाच्या शिस्तीवर बरंच बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि वहिनींकडे वळला. "सुमन, तू गेली असती काय?"

"मले काहून विचारता? तिलेच विचारा." त्या चहा टाकायला आत गेल्या. तो कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत राहिला... त्याचं छातीचं दुखणं कादंबरीच्या आधीचं होतं, हे आम्हाला तो गेल्यावर डॉक्टरांकडून कळलं.

परवा त्याच्या घरी गेलो. ओसरीत वहिनींची बॅग भरून ठेवलेली होती. मुलगा पुण्याहून आलेला. त्याला मराठी कळते, पण बोलतो हिंदीत. "काका, आप ही समझाइए. माँ यहाँ अकेली क्या करेंगी?"

मी अंगणात गेलो. वहिनी कुसुमताईंच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्या खुर्चीत कोणी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भाऊजी, शेवटी ते तिले पाठवणारच होते काय?"

"ठरवलं तसंच होतं. पण जमत नव्हतं त्याला."

त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "पोट्ट्याले सांगा, बॅग खोल म्हणा." मग पुन्हा तांदळात बोटं फिरवत, "बसा ना."

दुसरी खुर्ची नव्हती. मी पायरीवर बसलो.