मोजणीमामांची अठरा पावलं

मोजणीमामा गाडीत बसले की त्यांचा डावा हात दाराच्या हँडलवर असायचा. गाडी ऐंशीच्या वेगात असो नाहीतर पेट्रोलपंपाच्या रांगेत, हात तिथून हलायचा नाही. कधी उतरावं लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि उतरावं लागायचंच. “सूनबाई, जरा बाजूला घ्या,” हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा सासरी माझं नावही कोणी घेतलं नसेल.

माझ्या नवऱ्याचे ते सख्खे मामा, राहायला जळगावला. जमीनमोजणीच्या नोकरीत सगळी वर्षं लोकांच्या बांधांवरून चालण्यात गेली, म्हणून मोजणीमामा. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या घरात येरझारा घालायला लागले, तेव्हा मामींनी मला फोन केला की यांच्या हाताला काहीतरी द्या. मी माझा जुना मोबाइल दिला. आठवड्याच्या आत त्यांनी शोधून काढलं की फोनवरच्या नकाशात त्यांच्या गल्लीतला मारुती रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बसवलाय. तो त्यांनी हलवला. नकाशात कोणालाही नवी जागा घालता येते हे कळल्यावर मात्र त्यांना बसवेना.

आम्ही दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्याहून धुळ्याला सासूबाईंकडे येतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मामा हजर. गाडी मी चालवते, त्यामुळे त्यांना फिरवणं माझ्याकडे. ज्या जागा सगळ्यांना ठाऊक, त्यांत त्यांना रस नव्हता. मुक्ताईनगरला आम्ही रांगेत होतो तोवर ते हात जोडून बाहेरही आले होते. “हे आहे नकाशात,” एवढंच म्हणाले, आणि चला चला म्हणून घाई लावली. परत येताना त्यांना एक वीरगळ दिसला, तिथे आम्ही पाऊण तास उन्हात उभे. घरी भरीत थंड होऊन पुन्हा गरम झालं, ते निराळंच.

त्यांचा नियम एकच. “जिथं आपला पाय लागला नाही, ती जागा आपण लिहायची नाही.” लांबून फोटो काढून खूण टाकणाऱ्यांची त्यांना चीड होती. फोटोत माप कळावं म्हणून ते आपली मिटलेली काळी छत्री जागेशेजारी आडवी ठेवत. वर्णन लिहीत ते खरेदीखतासारखं. असोद्याच्या वाटेवर गुरांसाठी बांधलेला एक जुना दगडी हौद आहे. नकाशाच्या यादीत हौद नावाचा प्रकारच नव्हता, म्हणून त्यांनी तो ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून घातला आणि खाली लिहिलं, ‘पूर्वेस लिंबाचे झाड, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस केळीचा मळा.’ माझ्या मुलीने विचारलं, आजोबा, हौद विकायला काढला का? मामा हसले नाहीत. उद्या लिंब तोडलं तर उरलेल्या तीन बाजूंनी हौद सापडेल, असं तिला समजावत बसले.

एका दिवाळीत सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडून त्यांनी मला एका कच्च्या रस्त्याला घातलं. दोन भावांची वावरं, मधे बांध, आणि बांधावर पायऱ्यांची जुनी बारव. पाणी निवळ होतं. धाकट्या भावाची बायको शेळ्यांना पाजून वर येत होती. तिने आम्हालाही कळशीतलं पाणी दिलं. बारव कोणाची, हे मामांनी सवयीने विचारलं. ती म्हणाली, कोनी इचारंच नही कधी. मामा खूश झाले. पायऱ्या मोजत थेट तळाशी गेले, पाण्यात पाऊल बुडवलं आणि तिथेच उभं राहून नकाशावर खूण टाकली. छत्री, फोटो, चतुःसीमा, सगळं यथासांग झालं. त्या सुट्टीत इतके शांत ते पहिल्यांदाच दिसले. परतीच्या वाटेवर हातसुद्धा मांडीवर होता.

मे महिन्यात पुन्हा बारव बघायला गेलो. पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. आम्ही उभे राहिलेलो पाहून धाकट्याची बायको वावरातून आली. तिने मामांना ओळखलं. आवाज न चढवता म्हणाली, “भाऊ, तुमना फोननी मनी वाट बंद करी दिनी.”

घडलं होतं ते असं. बघायला आलेल्या कोणीतरी थोरल्या भावाला नकाशा दाखवला. खूण बांधावर नव्हती, अठरा पावलं पूर्वेला सरकून त्याच्या वावरात पडली होती. तोवर जो प्रश्न कोणी विचारला नव्हता त्याचं उत्तर थोरल्याच्या हातात आयतं आलं. खुणेखाली मामांचं नाव आणि जुना हुद्दा होताच. सरकारी मोजणी करणाऱ्या माणसाने टाकलेली खूण आहे, मग बारव माझी, असं म्हणून त्याने वाट बंद केली. धाकटीला शेळ्या पाण्यासाठी हायवेपलीकडे नाल्यावर न्याव्या लागत होत्या. दोन शेळ्या ट्रकखाली गेल्या होत्या.

मामा तडक वावरात शिरले. बांधावर जाऊन हद्दीचे दगड शोधले, पिशवीतला टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं. तासभर मोजल्यावर बारव बरोबर बांधावर निघाली. मग ते फोन घेऊन वर उभे राहिले, काट्या ओलांडून चार पायऱ्या उतरले, पुन्हा वर आले. वर फोनचा ठिपका जागेवर होता, खाली उतरलं की भटकत होता. खोल दगडी भिंतींत फोनला आभाळ दिसत नाही, म्हणून. काठावरूनच खूण टाकली असती तर बरोबर पडली असती. पाण्याला पाय लावायला गेले, म्हणून चुकली.

थोरला भाऊ लिंबाखाली खाटेवर बसला होता, सोबत गावातले दोघे-तिघे. मामांनी पिशवीतून कागद काढून जाड, वळणदार अक्षरात लिहिलं की नकाशातली खूण चुकीची आहे, बारव बांधावर आहे, चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव आणि सही. ते त्यांनी उभ्याने मोठ्याने वाचलं.

थोरला हसला. “साहेब, तुमनं मोजेल कधी चुकस का?”

“ते मोजेल नव्हतं, भाऊ,” मामा म्हणाले. “नुसतं बोट ठेवेल व्हतं.”

थोरल्याने कागद घडी करून खिशात टाकला. आम्ही निघालो तेव्हा काट्या तिथेच होत्या.

पुढे पावसाळाभर मामा मला रोज सकाळी पुण्याला फोन करायचे. नकाशात खूण हलवायची विनंती त्यांनी पाठवली होती, ती एकदा नामंजूर झाली, दुसऱ्यांदाही झाली. पण विचारायचे ते एवढंच, “सूनबाई, काट्या काढल्या असतील का?” त्यांच्या छातीचं दुखणं निघालं होतं, त्यामुळे मामींनी एसटीचं सवलतीचं कार्ड कपाटात कुलपात ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये जोडून तीन दिवस सुट्टी होती. मला जाता आलं असतं. घरात रंगकाम काढलं होतं, म्हणून मी दिवाळीवर टाकलं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी मामा गेले.

दिवाळीत मामींनी मला त्यांची छत्री दिली. उपयोगी वस्तू आहे, मी घेतली. दुसऱ्या दिवशी एकटीच सोनगीरकडे गेले.

काट्या नव्हत्या. पायऱ्यांवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि धाकटी खाली कळशी भरत होती. तिने सांगितलं, आम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी थोरल्याने स्वतःच काट्या ओढून काढल्या. साहेब का नही उनात, का आले नाहीत, असं तिने विचारलं, तेव्हा ते गेल्याचं मी सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली.

मामांना हे ऑगस्टमध्येच कळू शकलं असतं. गाडीने धुळ्याहून पाऊण तासही लागत नाही.

मी काठावर उभी राहिले, बांधाच्या बरोबर रेषेत. छत्री पहिल्या पायरीवर आडवी ठेवली, फोटो काढला, अठरा पावलं पश्चिमेला सरकवून खूण पाठवली. वर्णनात लिहिलं, ‘पूर्वेस थोरल्या भावाचे वावर, पश्चिमेस धाकट्या भावाचे वावर, बारव बांधावर.’ यावेळी मंजूर होईल की नाही, ठाऊक नव्हतं. फोन गाडीत ठेवून दार लावलं. मग चपला काढल्या आणि पायऱ्या मोजत खाली पाण्यापर्यंत गेले.